विदर्भाचे तिसरे रणजी विजेतेपद आणि घडवणाऱ्याचे मोल

२ मार्च २०२५ हा रविवार होता. नेदरलँड्समध्ये अजून उजाडायचे होते, तेव्हा नागपूरजवळच्या जामठा येथे रणजी करंडकाच्या अंतिम सामन्याचा पाचवा दिवस सुरू झाला होता. आपल्यापैकी अनेकांनी तो दिवस सकाळच्या चहाबरोबर, हातातल्या मोबाइलच्या पडद्यावर पाहिला. त्या दिवशी नाट्य असे फारसे उरलेले नव्हते. केरळला पहिल्या डावात ३४२ धावांत रोखून विदर्भाने ३७ धावांची आघाडी घेतली होती आणि दुसऱ्या डावात ती वाढत चालली होती. दर्शन नळकांडेचे अर्धशतक पूर्ण झाले, धावफलकावर ९ बाद ३७५ असा आकडा लागला आणि दोन्ही संघांनी हस्तांदोलन केले. सामना अनिर्णित राहिला. पहिल्या डावातील आघाडीच्या नियमाने रणजी करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला.

त्यानंतर सात महिन्यांनी, ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात, त्याच मैदानावर विदर्भाने शेष भारत संघाला ९३ धावांनी हरवून इराणी करंडकही जिंकला. विजेत्याच्या हंगामाचा हा शेवटचा अंक. त्या हंगामाकडे मागे वळून पाहणे योग्य ठरेल. विजयाचे कौतुक वर्तमानपत्रांनी पुरेसे केले आहे. त्यापलीकडचा प्रश्न असा की, हे यश नेमके कशाचे आहे आणि ते टिकण्याची शक्यता किती? आमच्या मते विदर्भाने खेळाडू घडवण्याची व्यवस्था उभी केली, हे या यशाचे मूळ आहे. आणि घडवणाऱ्याला त्याचे मोल देणारी कोणतीही तरतूद भारताच्या देशांतर्गत क्रिकेटमध्ये नाही, हे त्या यशासमोरचे खरे संकट आहे.

हंगामाचा ताळेबंद

प्रथम वस्तुस्थिती. २०२४-२५ च्या हंगामात विदर्भ तिन्ही प्रकारांत बाद फेरीपर्यंत पोहोचला. सय्यद मुश्ताक अली करंडकाच्या ट्वेंटी-२० स्पर्धेत उपांत्यपूर्व सामन्यात विदर्भाने मुंबईसमोर २२२ धावांचे लक्ष्य ठेवले; अजिंक्य रहाणेच्या ८४ धावांच्या खेळीने मुंबईने ते पार केले. विजय हजारे करंडकाच्या एकदिवसीय स्पर्धेत संघ अंतिम फेरीत गेला. वडोदऱ्याच्या उपांत्य सामन्यात समोर महाराष्ट्राचा संघ होता. ध्रुव शोरी आणि यश राठोड या सलामीच्या जोडीने शतके ठोकली, करुण नायर ८८ धावांवर नाबाद राहिला आणि ३ बाद ३८० धावांचा डोंगर महाराष्ट्राला ६९ धावांनी कमी पडला. अंतिम सामन्यात मात्र कर्नाटकाने ३४८ धावा केल्या आणि शोरीच्या ११० धावांनंतरही विदर्भ ३६ धावांनी मागे राहिला. त्या स्पर्धेत नायरने पाच शतकांसह ७७९ धावा केल्या आणि तो केवळ दोनदा बाद झाला. ३८९.५० ही त्याची सरासरी प्रथमदर्शनी मुद्रणदोष वाटावी अशीच होती.

रणजीत गटातील सात सामन्यांपैकी सहा जिंकून विदर्भाने ४० गुण मिळवले आणि गटात पहिले स्थान घेतले. उपांत्यपूर्व फेरीत तमिळनाडूला १९८ धावांनी आणि उपांत्य फेरीत गतविजेत्या मुंबईला ८० धावांनी नमवले. हा मुंबईवरचा विजय विदर्भाच्या क्रिकेटरसिकांना करंडकाहून कणभर अधिक गोड लागला असेल, कारण आदल्याच वर्षी, मार्च २०२४ मध्ये, वानखेडेवरील अंतिम सामन्यात याच मुंबईने विदर्भाला पहिल्या डावात १०५ धावांत गुंडाळले होते आणि १६९ धावांनी सामना जिंकून आपले ४२ वे विजेतेपद साजरे केले होते. परतफेडीच्या सामन्यात मुंबईकडे रहाणे, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे आणि शार्दूल ठाकूर असे चार आंतरराष्ट्रीय खेळाडू होते. त्यांपैकी रहाणे, सूर्यकुमार आणि दुबे हे तिघे पार्थ रेखडे या फारशा परिचित नसलेल्या डावखुऱ्या फिरकीपटूच्या एकाच षटकात तंबूत परतले. दुसऱ्या डावात यश राठोडने १५१ धावा केल्या आणि चौथ्या डावात हर्ष दुबेने पाच बळी घेतले.

अंतिम सामन्यात विदर्भाची अवस्था पहिल्या सकाळी ३ बाद २४ होती. तेथून एकवीस वर्षांच्या दानिश मालेवारने १५३ आणि नायरने ८६ धावा करताना चौथ्या गड्यासाठी २१५ धावांची भागी केली. दुसऱ्या डावात २ बाद ७ अशी पुन्हा पडझड झाल्यावर हीच जोडी उभी राहिली. मालेवार ७३, नायर १३५. केरळकडून कर्णधार सचिन बेबी ९८ धावांवर बाद झाला आणि आघाडीची आशा त्याच्याबरोबर गेली.

वैयक्तिक आकड्यांत दोन ठळक आहेत. यश राठोडने ९६० धावा करून हंगामातील सर्वाधिक धावांचा मान मिळवला. हर्ष दुबेने ६९ बळी घेतले. रणजीच्या एका हंगामात इतके बळी यापूर्वी कोणीही घेतलेले नव्हते. बिहारच्या आशुतोष अमनचा २०१८-१९ मधील ६८ बळींचा विक्रम त्याने मागे टाकला. शिवाय फलंदाजीत ४७६ धावा केल्या त्या वेगळ्याच. या दोघांबरोबर पदार्पणाच्याच हंगामात ७८३ धावा करणारा मालेवार जोडला की लक्षात येते, या यशाचा कणा विदर्भातच घडलेल्या, विशी-पंचविशीतल्या मुलांचा होता.

घरच्या मैदानाचा आक्षेप

या विजयावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम असे तिन्ही बाद सामने जामठ्यावर झाले. त्यात अंतिम सामना निकाली झालाच नाही. मग हे विजेतेपद सवलतीचे मानावे काय?

घरच्या खेळपट्टीचा फायदा असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. ६९ बळी घेणाऱ्या फिरकीपटूला ओळखीची माती मदत करतेच. पण विदर्भाचे पहिले विजेतेपद आठवावे. २०१७-१८ मध्ये उपांत्यपूर्व सामना सुरतला, उपांत्य सामना कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर आणि अंतिम सामना इंदूरला झाला. कर्नाटकाविरुद्धचा तो उपांत्य सामना विदर्भाने अवघ्या पाच धावांनी जिंकला होता, आणि तोही रजनीश गुरबानी या वेगवान गोलंदाजाच्या बारा बळींच्या जोरावर. इंदूरला गुरबानीने दिल्लीविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली, तर यष्टिरक्षक अक्षय वाडकरने प्रथम श्रेणीतील आपले पहिले शतक ठोकून १३३ धावा केल्या. म्हणजे परक्या मैदानावर, वेगवान गोलंदाजीच्या बळावर, हाच संघ जिंकलेला आहे. पुढच्या वर्षी नागपूरला सौराष्ट्राला हरवून त्याने करंडक राखला.

एखादा हंगाम नशिबाने जातो. दशकभराचे सातत्य नशिबाने येत नाही. २०१७-१८ पासून २०२४-२५ पर्यंत रणजी स्पर्धा सात वेळा झाली; महासाथीमुळे एक वर्ष ती होऊ शकली नाही. या सातपैकी चार अंतिम सामने विदर्भ खेळला आणि तीन जिंकला. याच काळात मुंबईच्या वाट्याला एक विजेतेपद आले. महाराष्ट्राच्या संघाने आपले शेवटचे रणजी विजेतेपद १९४०-४१ मध्ये मिळवले होते.

स्वायत्ततेचे फळ

हे कसे घडले? विदर्भ १९५७-५८ मध्ये रणजीत प्रथम उतरला. त्यानंतरच्या साठ वर्षांत त्याची ख्याती बलाढ्य संघांना गुण देणारा संघ, एवढीच होती. नागपूरला क्रिकेट पाहायला मिळत होते. १९६९ पासून तेथे कसोटी सामने होत आले. सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर १९८७ च्या विश्वचषकात चेतन शर्माची हॅट्ट्रिक आणि सुनील गावसकर यांचे एकमेव एकदिवसीय शतक एकाच सामन्यात झाले. पण पाहणे वेगळे आणि खेळाडू घडवणे वेगळे. उमेश यादव, खाणकामगाराचा मुलगा, २०११ मध्ये भारताकडून कसोटी खेळला, तेव्हा विदर्भाच्या संघातून कसोटीपटू झालेला तो पहिलाच क्रिकेटपटू ठरला.

बदलाचे मूळ संघटनेच्या स्थानात आहे. महाराष्ट्र या एका राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन स्वतंत्र क्रिकेट संघटना आहेत आणि तिन्ही नियामक मंडळाच्या पूर्ण सदस्य आहेत. पूर्ण सदस्याला मताधिकार असतो, स्वतःचा संघ असतो आणि प्रक्षेपणाच्या महसुलातून अनुदान मिळते. रस्ते, सिंचन आणि उद्योग यांबाबत विदर्भाने १९५३ च्या नागपूर करारापासून अनुशेषाचा हिशेब मांडला. निधी मुंबईत ठरतो आणि विदर्भात पोहोचेपर्यंत आटतो, ही तक्रार सात दशके चालू आहे. क्रिकेट हे त्या तक्रारीला अपवाद असलेले क्षेत्र. येथे पैसा थेट नागपूरला आला आणि तो कसा वापरायचा, हे नागपूरनेच ठरवले.

क्रिकेट मंडळाच्या सत्तेत नागपूरचे वजन होते, हे येथे नमूद केले पाहिजे. शशांक मनोहर दोनदा मंडळाचे अध्यक्ष झाले आणि पुढे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचेही अध्यक्ष झाले. पण सत्तेतील वजनाने स्टेडियम उभे राहते, संघ उभा राहत नाही. तसे असते तर मंडळावर वजन असलेल्या प्रत्येक संघटनेकडे करंडक दिसला असता. विदर्भाने २००८ मध्ये जामठ्याचे स्टेडियम उभारले, निवासी अकादमी चालवली आणि वयोगटांच्या संघांवर चिकाटीने खर्च केला. त्याचे फळ एकाच महिन्यात दोनदा दिसले. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने पहिला रणजी करंडक जिंकला आणि त्याच जानेवारीत एकोणीस वर्षांखालील मुलांची कूचबिहार स्पर्धाही जिंकली. त्या अंतिम सामन्यात अकोल्याच्या अथर्व तायडेने ३२० धावा केल्या होत्या. ऑक्टोबर २०२५ च्या इराणी करंडकात १४३ धावा करून सामनावीर ठरलेला सलामीवीर तोच. सात-आठ वर्षांचे हे अंतर म्हणजेच व्यवस्था.

ही स्वायत्तता गृहीत धरण्यासारखी नव्हती. लोढा समितीने ‘एक राज्य, एक मत’ हे सूत्र सुचवले आणि जुलै २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्वीकारले. महाराष्ट्रातील तीन संघटनांपैकी एका वेळी एकीलाच मत, असा त्याचा अर्थ होता. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयाने हे सूत्र सैल केले आणि मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ यांच्याप्रमाणेच गुजरातमधील बडोदा, सौराष्ट्र आणि गुजरात या संघटनांनाही पूर्ण सदस्यत्व परत मिळाले. त्यानंतर अवघ्या सहा महिन्यांत, फेब्रुवारी २०१९ मध्ये, रणजीचा अंतिम सामना विदर्भ आणि सौराष्ट्र यांच्यात झाला. समतेच्या हेतूने आखलेला नियम ज्यांना दुय्यम करणार होता, तेच दोन संघ देशात सर्वोत्तम ठरले. प्रशासनातील सुटसुटीतपणा आणि गुणवत्तेचे विकेंद्रीकरण ही दोन वेगळी ध्येये आहेत, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

पाहुणे आणि घरचे

विदर्भाच्या यशाचा दुसरा आधार म्हणजे बाहेरून आणलेल्या माणसांचा विचारपूर्वक उपयोग. पहिल्या दोन विजेतेपदांच्या वेळी चंद्रकांत पंडित हे मुंबईकर प्रशिक्षक होते. मुंबईच्याच वसीम जाफरने चाळिशी गाठलेली असताना २०१८-१९ मध्ये १,०३७ धावा केल्या. कर्णधार मात्र नागपूरचा फैझ फजल होता. पाहुण्यांनी सामने जिंकून दिले. पण त्यांचे मोठे काम वेगळे होते. खेळपट्टीवर दिवसभर उभे कसे राहायचे, आघाडी मिळाल्यावर प्रतिस्पर्ध्याचा श्वास कसा कोंडायचा, हे शहाणपण मुंबई आणि कर्नाटकाच्या ड्रेसिंग रूममध्ये पिढ्यान्‌पिढ्या साठलेले असते. विदर्भाने ते उसने आणले आणि पचवले.

२०२४-२५ मध्ये प्रशिक्षक होते विदर्भाचेच उस्मान घनी. कर्णधार होता अक्षय वाडकर, म्हणजे इंदूरला पहिले शतक ठोकणारा तोच तरुण यष्टिरक्षक. पाहुणे होते दोन: कर्नाटकातून आलेला नायर आणि दिल्लीतून आलेला शोरी. यात एक गमतीदार वळण आहे. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीकडून १४५ धावा करणारा फलंदाज शोरीच होता आणि गुरबानीच्या हॅट्ट्रिकचा तिसरा बळीही तोच. ज्यांनी त्रिफळा उडवला, त्यांच्याच संघात तो पुढे सलामीला आला.

पण वाहतूक एकाच दिशेने नसते. २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात अकरा बळी घेऊन सामनावीर ठरलेला डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटे या वेळी केरळकडून खेळत होता आणि जामठ्यावरच त्याने विदर्भाविरुद्ध ७९ धावा केल्या. गुरबानी महाराष्ट्राकडे गेला. रणजी जिंकल्यानंतर नायर आपल्या मूळ कर्नाटकाकडे परतला, तर अमरावतीचा जितेश शर्मा, जो २०२५ मध्ये बंगळूरूच्या आयपीएल विजेत्या संघात होता, बडोद्याकडे गेला. यातील प्रत्येकाची कारणे वेगळी आणि योग्य असतील. खेळाडूला आपले भवितव्य निवडण्याचा हक्क आहेच. तरीही विदर्भाच्या बाजूने पाहिले तर एक गोष्ट उरते. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा घेऊन त्याला पंचविशीपर्यंत वाढवायचे आणि मग एका ना-हरकत प्रमाणपत्रावर निरोप द्यायचा. हस्तांतर-शुल्क ही संकल्पनाच आपल्या देशांतर्गत क्रिकेटमध्ये नाही.

चार दिवसांच्या क्रिकेटचे मोल

खेळाडूच्या बाजूनेही हिशेब मांडून पाहावा. रणजी खेळणाऱ्याला मंडळाकडून दिवसाला चाळीस ते साठ हजार रुपये मानधन मिळते. वीसपर्यंत सामने खेळलेल्याला चाळीस हजार, चाळीसपेक्षा अधिक सामने खेळलेल्याला साठ हजार. अंतिम फेरी गाठणाऱ्या संघाचे गटातील सात सामने चार दिवसांचे आणि बाद फेरीतील तीन सामने पाच दिवसांचे. सर्व दिवस धरले तर ४३ दिवस होतात. म्हणजे देशातील सर्वोत्तम संघातील नवोदिताची पूर्ण रणजी हंगामाची कमाई सुमारे १७ लाख आणि अनुभवी खेळाडूची सुमारे २६ लाख रुपये. बक्षिसाची रक्कम निराळी. नोव्हेंबर २०२४ च्या आयपीएल लिलावात सर्वांत कमी पायाभूत किंमत होती ३० लाख. दोन महिने राखीव बाकावर बसणाऱ्याची किमान कमाई ही विजेत्या संघाच्या पाच महिन्यांच्या घामापेक्षा जास्त आहे.

विक्रमी ६९ बळी घेणाऱ्या हर्ष दुबेला त्या लिलावात कोणी घेतले नव्हते. मे महिन्यात हैदराबादच्या संघाला बदली खेळाडू हवा होता म्हणून त्याला बोलावणे आले, आणि तो बदली आला तो जायबंदी झालेल्या स्मरण रविचंद्रनच्या जागी. वडोदऱ्याच्या अंतिम सामन्यात १०१ धावा करून विदर्भाच्या हातून विजय हजारे करंडक काढून घेणारा फलंदाज हाच. नंतर दुबेची इंग्लंड दौऱ्यावरील भारत ‘अ’ संघात निवड झाली, हे समाधानकारक आहे. दुलीप करंडकात मालेवारने द्विशतक आणि अंतिम सामन्यात राठोडने १९४ धावा करून मध्य विभागाला विजेतेपदाकडे नेले. तरीही २०१८ चा पहिला करंडक आल्यापासून ऑक्टोबर २०२५ पर्यंत विदर्भात घडलेल्या एकाही नव्या खेळाडूला कसोटीची टोपी मिळालेली नव्हती. नायर विदर्भाच्या धावांच्या बळावर आठ वर्षांनी कसोटी संघात परतला. पण इंग्लंडमध्ये चार कसोटींत एकच अर्धशतक झाले आणि त्याचे स्थान पुन्हा गेले.

यातून तरुण खेळाडूने काय शिकावे? चार दिवसांचे क्रिकेट ही शाळा आहे आणि नोकरी दुसरीकडे आहे, हेच. विदर्भाची व्यवस्था नेमकी त्या शाळेवर उभी आहे.

तिलबर्गचा धडा

या प्रश्नाचे उत्तर शोधताना नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या वाचकाला दूर जावे लागणार नाही. जामठ्याचे मैदान डच क्रिकेटलाही परके नाही. २२ फेब्रुवारी २०११ रोजी विश्वचषकात रायन टेन डोशाटने याच मैदानावर इंग्लंडविरुद्ध ११९ धावा केल्या होत्या आणि नेदरलँड्सच्या २९२ धावांनी इंग्लंडला शेवटच्या षटकांपर्यंत घाम फोडला होता. २०२३ मध्ये धरमशाला येथे त्यांनी दक्षिण आफ्रिकेला हरवले आणि २०२६ च्या विश्वचषक ट्वेंटी-२० स्पर्धेसाठीही ते पात्र ठरले. मात्र आपल्या विषयाला उपयोगी पडेल असा धडा या देशाच्या क्रिकेटमध्ये नाही, तो फुटबॉलमध्ये आहे.

लोकसंख्येने विदर्भाहून लहान असलेला हा देश फुटबॉलपटू घडवतो आणि जगाला पुरवतो. फ्रेंकी डी योंग तिलबर्गच्या विलेम ट्वे या क्लबच्या युवा संघात वाढला, तेथून आयाक्सकडे गेला आणि २०१९ मध्ये बार्सिलोनाने त्याच्यासाठी साडेसात कोटी युरो मोजले. आयाक्सला मोठी रक्कम मिळालीच. पण तिलबर्गच्या लहान क्लबलाही त्यातला वाटा मिळाला. करारातील अटींखेरीज फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा एक सर्वसाधारण नियमही आहे: हस्तांतर-रकमेचा पाच टक्क्यांपर्यंतचा भाग, खेळाडूला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या क्लबांनी घडवले त्यांच्यात वाटला जातो. मुलगा मोठ्या शहरात जाणार, हे लहान गावाने मान्य केलेले असते. मोठ्या शहराने गावाचे ऋण मान्य करावे, एवढीच त्या नियमाची मागणी.

भारतीय क्रिकेटला अशी तरतूद अशक्य नाही. एखादा खेळाडू पाहुणा म्हणून दुसऱ्या संघटनेकडे गेला, तर त्याला वयोगटात घडवणाऱ्या संघटनेला ठरावीक भरपाई मिळावी; आयपीएलमधील किमतीचा लहानसा हिस्सा प्रशिक्षणनिधी म्हणून त्या संघटनेच्या अकादमीसाठी राखून ठेवावा; आणि रणजीचे दिवसाचे मानधन इतके असावे की, पूर्ण हंगाम खेळणाऱ्या खेळाडूची कमाई लिलावातील किमान किमतीच्या खाली राहू नये. तिन्ही गोष्टी मंडळाच्या आर्थिक आवाक्यातल्या आहेत.

यावर योग्य शंका अशी की, मग विदर्भालाही नायरसाठी कर्नाटकाला आणि शोरीसाठी दिल्लीला पैसे द्यावे लागतील. जरूर द्यावेत. जाफरसारख्या खेळाडूने जे शिकवले त्याचे मोल मुंबईच्या मैदानांना मिळाले असते, तर त्यात अन्याय कोणता? नियम सर्वांना सारखा असला की संघटना तयार खेळाडू गोळा करण्यापेक्षा नवे खेळाडू घडवण्याकडे वळतील. दुसरी शंका गंभीर आहे: पैसा संघटनेकडे गेला म्हणजे तो मैदानावर पोहोचेलच असे नाही. म्हणूनच तो अकादमीच्या नावे, हिशेब जाहीर करण्याच्या अटीवर द्यावा.

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला हा विषय क्रिकेटपुरता वाटणार नाही. आपल्यापैकी पुष्कळजण नागपूर, अमरावती, अकोला, पुणे किंवा सांगली येथील सरकारी महाविद्यालयांत अल्प शुल्कात शिकले आणि आज आइंडहोवन किंवा अॅमस्टरडॅम येथील कंपन्यांत काम करतात. ज्यांनी घडवले त्यांच्या हिशेबात आपण जमेच्या बाजूला आहोत की खर्चाच्या, हा प्रश्न आपल्यालाही कधी ना कधी पडलेला असतो. व्यक्तीपुरते त्याचे उत्तर कृतज्ञतेने देता येते. संस्थेच्या पातळीवर नियम लागतो.

इराणी करंडकाच्या संघात नायर नव्हता. जुन्या विजेत्यांपैकीही बरेच आता नाहीत. तरीही विदर्भ जिंकला, यावरून व्यवस्था अद्याप जिवंत आहे हे दिसते. पुढचा हर्ष दुबे आज यवतमाळ किंवा चंद्रपूरच्या एखाद्या मैदानावर चेंडू वळवत असेल. त्याला शोधण्याची तयारी विदर्भाने ठेवली आहे. त्याला घडवल्यानंतर विदर्भाच्या हाती करंडकाच्या आठवणीखेरीज काही उरावे की नाही, हे मात्र नागपूरला ठरवता येणार नाही. ते भारतीय क्रिकेट मंडळाने ठरवायचे आहे.